अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करताना: तासांचा हिशेब, रात्रीची झोप आणि भावंडांतली वाटणी

पक्षाघातानंतर रुग्णाला घरी सोडतात तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड असतं, औषधांची यादी असते आणि 'दर दोन तासांनी कूस बदला' अशी सूचना असते. दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून १२ वेळा. या १२ वेळा कोण उठणार, हे कार्डावर नसतं आणि बहुतेक घरांत ते कोणी ठरवतही नाही. जी बाई घरात असते तिच्याकडे ते आपोआप जातं: सून, लग्न न झालेली मुलगी, नाहीतर सत्तरीची बायको. तीन-चार महिन्यांत ती चिडचिडी होते, मग घरात तिच्या स्वभावाची चर्चा सुरू होते. चर्चा व्हायला हवी तिच्या तासांची. ती कशी करायची, ते इथे लिहिलं आहे.

आधी सात दिवसांची वही

साधी शाळेची वही घ्या. पलंगाजवळ दोरीने पेन बांधून ठेवा. जो जे काम करेल त्याने तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, काम, किती मिनिटं लागली. नावही लिहा. हे सात दिवस सलग करा, कारण रविवारचं चित्र मंगळवारपेक्षा वेगळं असतं.

संपूर्ण परावलंबी माणसाचा एक दिवस साधारण असा भरतो. कूस बदलणं १२ वेळा, प्रत्येकी ७ मिनिटं: ८४ मिनिटं. डायपर ५ वेळा, स्वच्छतेसह १५ मिनिटं: ७५. भरवणं ४ वेळा, ३५ मिनिटं: १४०. अंग पुसणं आणि कपडे बदलणं ४५. व्यायाम दोनदा २० मिनिटं: ४०. औषधं ४ वेळा: २०. चादरी, कपडे, खोलीची सफाई ६०. वेगळा मऊ स्वयंपाक ६०. बेरीज ५२४ मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तास. घरातल्या इतरांचा स्वयंपाक, मुलं, नोकरी हे सगळं याच्या बाहेर. ही बेरीज जेव्हा दीर, नणंद किंवा परगावचा भाऊ पाहतो, तेव्हा 'घरीच तर असतेस' हे वाक्य त्याच्या तोंडातच राहतं. म्हणून आकडा अंदाजाने सांगू नका, वहीच समोर ठेवा.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. लघवी, शौच, पाणी, ताप यांच्या नोंदी त्याच पानावर राहतात आणि डॉक्टरांना फोन करताना नेमकं सांगता येतं.

रात्र आधी सोडवा

दिवसभराच्या कष्टापेक्षा तुटलेली झोप माणसाला लवकर मोडते. मदतीसाठी एकच गोष्ट मागायची मुभा असेल, तर रात्र मागा.

दोन तासांचं वेळापत्रक काटेकोर पाळलं तर १०, १२, २, ४, ६ असं उठावं लागतं. एअरबेड किंवा दाब वाटून घेणारी चांगली फोमची गादी असेल आणि कातडी पूर्ण शाबूत असेल, तर रात्री चार तासांचं अंतर चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बऱ्याच रुग्णांना ते चालतं. मग वेळा होतात १०, २ आणि ६, आणि मध्ये चार-चार तासांचे दोन सलग तुकडे मिळतात. एअरबेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असं मात्र मुळीच नाही. एअरबेडवर प्लॅस्टिक, त्यावर जाड सतरंजी, त्यावर दोन चादरी असे थर चढवले तर त्याचा उपयोगच उरत नाही. एक पातळ चादर आणि गरजेपुरतं एक अंडरपॅड, एवढंच.

रात्रीचं काम कमी करायला लोक एक चूक हमखास करतात: संध्याकाळनंतर पाणी बंद, आणि हळूहळू दिवसाचंही पाणी कमी. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, शौचाला खडा होतो, आणि म्हातारा माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. घरच्यांचे दोन तास वाचतात आणि मग आठ दिवस दवाखान्यात जातात. डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातली नसेल तर दिवसाचा एकूण हिशेब तोच ठेवा, फक्त त्यातलं जास्त पाणी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ मध्ये द्या. रात्रीसाठी जास्त शोषणारा डायपर वेगळा घ्या आणि तो बदलायची वेळ कूस बदलण्याच्या वेळेशीच जुळवा.

करणाऱ्याला आठवड्यातून किमान दोन रात्री दुसऱ्या खोलीत, दार लावून, फोन दुसऱ्याकडे देऊन झोपायला मिळालंच पाहिजे. एकच खोली असेल तर शेजारच्या किंवा बहिणीच्या घरी. 'हाक मारली तर ऊठ' अशा बोलीवर दिलेली झोप ही झोप नव्हे.

चुकीच्या पद्धतीने वाढणारं काम

सगळ्यात मोठा खर्च एकाच जागी दाब पडून पाठीवर होणाऱ्या जखमेचा. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू रोज अंग पुसताना बघा. लालसर भागावर बोट दाबून सोडा. तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जास्त काळपट, गरम, टणक किंवा लिबलिबीत भाग शोधा. अशा जागी चोळू नका, स्पिरिट लावू नका, पावडरचे थर देऊ नका. चोळल्याने आतल्या दुबळ्या पेशी आणखी फाटतात. भोक असलेली गोल उशीही टाळा, तिच्या कडेने दाब वाढतो. त्या बाजूवर झोपवणं बंद करून डॉक्टरांना फोटो पाठवा. कुशीवर पूर्ण आडवं करण्याऐवजी पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घाला, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

दुसरा खर्च तुमच्या कंबरेचा. घरातला दिवाण कमरेपेक्षा खूप खाली असतो आणि प्रत्येक वेळी वाकावं लागतं. उंची खाली-वर करता येणारी दवाखान्यासारखी कॉट वैद्यकीय साहित्याच्या दुकानात महिन्याच्या भाड्याने मिळते. ते शक्य नसेल तर दिवाणाच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या, तो हलत नाही ना हे पाहून. जुनी चादर चौपदरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली आडवी घाला. वर सरकवायचं असेल तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी ती चादर धरून उचलायची. माणसाला बगलेतून ओढायचं नाही. पक्षाघात झालेला हात ओढला तर खांदा सांध्यातून निसटतो आणि मग प्रत्येक वेळी अंग पुसताना रुग्ण ओरडतो. एकट्याने कूस बदलायची असेल तर तुमच्यापासून लांबचा गुडघा वाकवा, एक हात लांबच्या खांद्यावर, दुसरा खुब्यावर ठेवा आणि स्वतःकडे वळवा. दूर ढकलू नका.

भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास चांगल्या बाजूने. जेवणानंतर पक्षाघाताच्या बाजूच्या गालात घास अडकलाय का हे बोटाला ओला फडका गुंडाळून पाहा. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं करू नका. जेवताना ठसका किंवा आवाजात घरघर येत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय असं समजा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. नाकातल्या नळीवाटे औषध देताना सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात. पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी कमरेच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकवता टांगा, आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी करा.

भावंडांची बैठक

तक्रार म्हणून बैठक बोलावली तर सगळे बचावाच्या पवित्र्यात येतात. 'आईची दोन महिन्यांची माहिती द्यायची आहे, एक तास लागेल' एवढंच सांगा. परगावचे, परदेशातले व्हिडिओ कॉलवर. रुग्णाच्या खोलीत बैठक घेऊ नका, पण त्याला समजत असेल तर त्याचं मत आधी विचारून घ्या. पहिली दहा मिनिटं फक्त वहीतले तास आणि महिन्याचा खर्च. मग कामांची यादी आणि प्रत्येकासमोर एक नाव. सल्ले शेवटी.

'जरा लक्ष द्या', 'मलाही बघा कुणीतरी' या वाक्यांनी काही हलत नाही, कारण ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. असं म्हणा:

'दादा, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ९ पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत तू इथे राहा. वहिनी नाही आल्या तरी चालेल, पण बाबांचं तुलाच करायचं आहे.'

'ताई, फिजिओथेरपिस्टचे आणि डायपरचे पैसे तू भर. दर महिन्याच्या ५ तारखेला.'

'तू तिकडून रोज आपल्या ५ वाजता २० मिनिटं आईशी बोल. तेवढ्यात मी गच्चीवर जाऊन येते.'

परदेशातल्या भावाला काही करता येत नाही, ही समजूत काढून टाका. ऑनलाइन औषधं मागवणं, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या वेळा, विजेची आणि गॅसची बिलं, आयाबाई किंवा नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोशी बोलणी हे सगळं दुरून होतं. ज्याच्याकडे वेळ नाही त्याने पैसे द्यावेत, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने तास द्यावेत. ज्याने नोकरी सोडली किंवा शिकवण्या बंद केल्या, त्याचं बुडालेलं उत्पन्न खर्चाच्या रकान्यात आलंच पाहिजे. हे बोलायला जड जातं. पण न बोललेला हिशेब पुढे घराच्या वाटणीच्या वेळी फार कडवटपणे बाहेर येतो.

खर्चासाठी वेगळं खातं ठेवा, पेन्शन त्यातच जमा होऊ द्या, बिलांचे फोटो ग्रुपवर त्याच दिवशी टाका. संशयाला जागा उरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सासऱ्यांची शी-शू सुनेने काढायची, हे दोघांनाही अवघड असतं. म्हातारा माणूस लाजेने पाणी पिणं टाळतो, सून आतल्या आत कुढते, आणि मुलगा 'मला नाही जमत' म्हणून बाहेर जातो. मुलाला तीन दिवसांत जमतं. पहिल्या दिवशी पाहायचं, दुसऱ्या दिवशी मदतनीस म्हणून करायचं, तिसऱ्या दिवशी एकट्याने. सकाळची स्वच्छता ऑफिसला जाण्याआधी त्याची, ही वाटणी ठरवून टाका. नाहीच शक्य झालं तर पुरुष मदतनीस ठेवा.

भेटायला येणाऱ्यांसाठीही नियम हवा. संध्याकाळी ५ ते ६, एकावेळी दोघं, चहा-पाणी होणार नाही. ग्रुपवर एकदा लिहून टाका म्हणजे प्रत्येकाला सांगावं लागत नाही. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणाऱ्याला लगेच काम सांगा: 'मंगळवारी ११ ते १ बसाल का? मला बँकेत जायचंय.' दोन दिवस राहून 'अमक्याचं तेल लावा, तमक्याचा काढा द्या' असं सुचवणाऱ्या पाहुण्याकडे त्याच रात्रीची २ वाजताची पाळी द्या. त्याला खरं काम कळतं आणि तुम्हाला एक रात्र मिळते.

ब्यूरोची बाई

ब्यूरोतून दोन प्रकारची माणसं येतात. आयाबाई किंवा मदतनीस अंग पुसणं, डायपर, भरवणं, कूस बदलणं करते. इंजेक्शन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर बदलणं, जखमेची पट्टी ही शिक्षण घेतलेल्या नर्सची कामं. स्वस्तात पडते म्हणून आयाबाईकडून नळी घालून घेऊ नका. चुकून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं.

पैसे ठरवण्याआधी हे लिहून घ्या: पाळी किती ते किती, महिन्यातून सुट्ट्या किती, खाडा झाला तर बदली बाई किती तासांत, जेवण कोणाचं, ब्यूरोचं कमिशन कोण देणार, अनामत परत केव्हा, पोलिस पडताळणी झाली आहे का. बाई रुग्णाचं करील. घरच्यांची भांडी आणि मुलांचे कपडे तिच्याकडे सरकवू लागलात तर ती पंधरा दिवसांत जाते, आणि तिचं बरोबर असतं. पहिले तीन दिवस तिच्यासोबत राहून वहीप्रमाणे काम दाखवा. रात्रपाळीच्या बाईला कूस बदलण्याच्या वेळी वहीत वेळ लिहायला सांगा. पूर्ण दिवस परवडत नसेल तर दिवसाची १२ तासांची बाई ठेवण्याऐवजी आठवड्यातून तीन रात्रींची ठेवून पाहा. करणाऱ्याला झोप मिळाली की दिवस निभावतो.

गावात ब्यूरो नसतो. तिथे आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना घर माहीत करून द्या, आणि शेजारपाजारच्या किंवा भावकीतल्या एखाद्या बाईला रोज ठरलेले दोन तास, ठरलेल्या पैशांवर बोलवा. नात्यातली आहे म्हणून फुकट नको. फुकटचं काम सणावाराला पहिल्यांदा बंद पडतं.

रुग्ण तुमच्यावरच ओरडतो तेव्हा

पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना रडू कोसळतं किंवा हसू आवरत नाही. मेंदूतल्या इजेमुळे भावनांवरचा ताबा जातो. तुम्ही काही चुकलात म्हणून ते होत नाही. रडू आलं की विषय बदला, पाणी द्या, हातात काही वस्तू द्या, मिनिटाभरात ओसरतं. फारच वारंवार होत असेल तर त्यावर औषध असतं, डॉक्टरांना सांगा. विसराळूपणाचा आजार असेल तर 'माझे पैसे चोरले' हा आरोप जवळच्या माणसावरच येतो. पुरावे देत बसू नका. 'चला, दोघं शोधू' म्हणा आणि शोधता शोधता दुसऱ्या कामात गुंतवा. पण एक-दोन दिवसांत अचानक भ्रम सुरू झाला, दिवसा झोप आणि रात्री बडबड असं झालं, तर तो स्वभाव समजू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा नवीन औषध यांतलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

तुमची स्वतःची तपासणी

दर पंधरा दिवसांनी स्वतःला विचारा. मी रुग्णाला जोरात ओढलं, दामटून भरवलं, हात उगारला असं झालं का? दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही असं झालं का? माझ्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकल्या का? हे कधी संपेल, असा विचार मनात येणं पाप नाही. जवळजवळ प्रत्येक करणाऱ्याच्या मनात तो येतो.

हात उगारावासा वाटला तर पलंगाचा कठडा वर करा, रुग्ण सुरक्षित आहे ना पाहा, खोलीबाहेर जा आणि पाच मिनिटं परत येऊ नका. डायपर पाच मिनिटं उशिरा बदलला तर काही बिघडत नाही. असं आठवड्यात दुसऱ्यांदा झालं तर ती रात्र दुसऱ्या कुणाला देण्याची वेळ आली आहे, तेव्हा त्याच दिवशी फोन करा. मन फारच खचलं, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

पाठीशी कोणीच नसेल तर

एकुलती एक मुलगी, किंवा मूलबाळ नसलेलं जोडपं, यांच्याकडे बैठकीला बोलवायला माणसंच नसतात. तेव्हा नात्यांऐवजी कामांवरून माणसं जोडा: किल्ली ठेवायला एक शेजारी, दवाखान्यात सोबत यायला एक, आठवड्यातून दोन तास बसायला एक, रात्री फोन उचलेल असा एक. चार वेगळी माणसं. एकाच भल्या शेजारणीवर सगळं टाकलं तर तीही सहा महिन्यांत दुरावते. परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन विचारा, अशा घरांची माहिती तिथे असते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन वृद्धाश्रम, पेन्शन आणि कायद्याची माहिती देते. कर्करोगाच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक (त्रास कमी करणाऱ्या) उपचारांचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं, तिथे रुग्णाबरोबर घरच्यांचाही विचार होतो.

काही शुश्रूषा केंद्रं आठ-दहा दिवसांसाठीही रुग्ण ठेवून घेतात. ठरवण्याआधी न सांगता रात्री ८ नंतर जाऊन पाहा: एका मदतनिसाकडे किती रुग्ण, लघवीचा वास किती, कूस बदलल्याची नोंद कुठे आहे. वही दाखवता आली नाही तर दुसरं केंद्र पाहा. आठ दिवस ठेवलं म्हणून कोणी आईला टाकून दिलं असं होत नाही. कोणी तसं म्हणालंच तर त्यांच्याकडून पुढचे आठ दिवस मागा.

कागद, रुग्णाला कळतंय तोवर

मुखत्यारपत्र आणि बँकेतली दुसरी सही ही कामं पहिल्या महिन्यातच करा. माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. सही करता येत नसेल तरी बँकेत अंगठा चालतो, त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाण अॅपवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. केंद्र सरकारच्या ८० पुढच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्यात कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखान्यातला उपचार येतो. घरच्या बाईचा पगार मात्र त्यातून मिळत नाही.

समजावून, बैठका घेऊनही मुलं काहीच देत नसतील तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तो आई-वडिलांच्या नावाने असतो, त्यांना जाता येत नसेल तर ते दुसऱ्याला अधिकार देऊ शकतात. मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं सगळी यात येतात, लग्न झालेली मुलगीही. निर्वाहाची रक्कम महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत ठरवता येते. नोटिशीनंतर ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवादात्मक कारण असेल तर आणखी ३० दिवस. अर्जाला वहीच्या आणि खर्चाच्या नोंदींच्या झेरॉक्स जोडा. अर्ज गेल्यावर भावंडांतलं बोलणं सहसा तुटतं, हे धरूनच तो करा. पण आईच्या औषधाला पैसे नसतील तर थांबू नका.

शेवटचा कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवा: रुग्णाचं वय, आजार, औषधं आणि त्यांचे डोस, कशाची अॅलर्जी, डॉक्टरांचा नंबर, जवळचं २४ तासांचं रुग्णालय, १०८, आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा नंबर. त्याखाली ठळक: 'तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय तर लगेच १०८. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहा.' गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ती वेळ डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.